बृहस्पतीची मुदत

सरकारी कामास मुदतवाढ मागण्याची जी सोय आपल्याकडे रूढ आहे, तिचा लाभ उज्जैनच्या सिंहस्थास कधीही मिळत नाही; कारण त्याची तारीख ठरवणारा अधिकारी भोपाळात वा दिल्लीत बसत नसून, सुमारे बारा वर्षांत राशिचक्राची एक प्रदक्षिणा पुरी करणारा बृहस्पती हाच तो अधिकारी आहे, आणि त्याच्या दप्तरी अर्ज, शिफारस वा सबब यांपैकी काहीच दाखल होत नाही. गुरू सिंह राशीत असता सूर्यही सिंहेत आला म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरी पर्वकाळ येतो, आणि गुरूच्या त्याच मुक्कामात पुढे सूर्य मेषेत पोहोचला म्हणजे तो उज्जैनास क्षिप्रेच्या काठी येतो. म्हणूनच नाशिकचा २०१५ सालचा मेळा आटोपून वर्ष पुरे होण्यापूर्वीच, २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात, उज्जैनचा मेळा भरला. या दोन मेळ्यांचे नाते केवळ ज्योतिषाचे नाही, हेही मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे : अठराव्या शतकात उज्जैन हे ज्यांचे मुख्य ठाणे झाले, त्या राणोजी शिंद्यांनी नाशिकच्या साधूंना इकडे पाचारण केले आणि तेथून या मेळ्याची आजची घडी बसू लागली, असे अभ्यासक मानतात.

तारीख हालत नाही, नदी हालत नाही, आणि यात्रेकरू तर बोलावल्यावाचूनही येतोच. अशा कार्याचा आराखडा करावयास बसलेल्या माणसापुढे दोन प्रकारच्या याद्या असतात. पहिली यादी कृतींची : सर्वेक्षण करणे, निविदा काढणे, खोदाई करणे, नळ टाकणे, आढावा बैठका घेणे. दुसरी यादी वस्तूंची. म्हणजे ज्या कोणीतरी सिद्ध करून कोणाच्या तरी सुपूर्द करावयाच्या असतात आणि ज्या त्या दुसऱ्या माणसाने पाहून, तपासून एक तर रुजू करून घ्यावयाच्या किंवा परत धाडावयाच्या असतात, अशा गोष्टींची. व्यवस्थापनशास्त्राच्या आधुनिक पोथ्यांत यांना ‘डिलिव्हरेबल’ म्हणतात. या प्रकरणापुरते आपण त्यांना सुपूर्द वस्तू म्हणू. कृतीवाचून वस्तू होत नाही हे खरेच आहे, आणि त्यामुळे दोन्ही याद्या सारख्याच असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु कृती ही कितीही दिवस ‘चालू’ राहू शकते आणि तिच्या चालू असण्याचा अहवाल दर पंधरवड्यास निष्ठापूर्वक पाठवताही येतो, वस्तूच्या बाबतीत मात्र ती आहे किंवा नाही या दोहोंपलीकडे तिसरे उत्तर देता येत नाही.

लग्नघरी हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. “आचाऱ्याला सांगून झालं ना रे?” असे थोरल्या काकांनी विचारावे, “हो काका, दोनदा सांगितलंय” असे पुतण्याने उत्तर द्यावे, आणि पंगत बसल्यावर मसालेभाताचा पत्ता नसावा, सांगण्याची कृती पूर्णांशाने पार पडलेली असते, पानात भात मात्र नसतो.

आपल्या बांधकाम खात्यांना ही गोष्ट अर्धी कळलेली आहे. बाबनिहाय दराच्या मक्त्यात मक्तेदाराला पैसे मिळतात ते त्याने घाम किती गाळला यावर नव्हे, तर मोजमाप पुस्तकात काय नोंदले गेले यावर, आणि हे योग्यच आहे. परंतु त्या पुस्तकात नोंदले जाते ते इतके घनमीटर खोदकाम, इतके घनमीटर काँक्रीट आणि इतके चौरस मीटर फरसबंदी. प्रत्येक नोंद खरी असावी, मोजणारा अभियंता दक्ष असावा, तसलमातीची वसुली वेळच्या वेळी व्हावी, आणि इतके सारे होऊनही, पहाटेच्या अंधारात म्हातारी यात्रेकरू ओल्या पायांनी न घसरता जिच्यावरून पाण्यापर्यंत उतरू शकेल अशी पायरी, हे कलम त्या पुस्तकात आरंभापासून अखेरपर्यंत कोठेही सापडू नये, हे सहज शक्य आहे. मग ‘आर्थिक प्रगती’ आणि ‘भौतिक प्रगती’ अशा दोन रकान्यांत टक्केवारी भरली जाते, आणि पहिल्या रकान्यातील आकडा वाढला की दुसऱ्यातीलही आपोआप वाढतो असा एक भाबडा विश्वास दप्तरोदप्तरी पसरलेला आढळतो.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर उज्जैन सोडून कोठे जावयास नको. क्षिप्रेच्या काठी जयसिंहपुऱ्यात सवाई जयसिंहाने, तो माळव्याचा सुभेदार असता, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली वेधशाळा आहे. दीर्घकाळ पडीक राहिलेल्या या यंत्रांचा जीर्णोद्धार १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी करविला. त्यासाठी शिफारस करणारे होते उज्जैनचे पंडित नारायणजी व्यास आणि ‘सर्वानंदकरण’ या ज्योतिषग्रंथाचे कर्ते गोविंद सदाशिव आपटे, आणि पुढे वेधशाळेचे पहिले अधीक्षकही आपटेच झाले. आपट्यांनी १९३७ साली तेथे एका शंकुयंत्राची भर घातली. वर्तुळाकार चबुतऱ्याच्या मध्यभागी उभा केलेला शंकू, आणि त्याच्या छायेचे टोक वर्षभरात जेथून जेथून सरकते त्या वाटा दाखवणाऱ्या चबुतऱ्यावर आखलेल्या रेषा, एवढाच त्याचा संभार. विषुवदिनी छायेचे टोक सरळ रेषेवरून चालते, २२ डिसेंबरच्या सुमारास छाया सर्वांत लांब पडते, आणि २१ जूनच्या मध्यान्ही, उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी निकट असल्यामुळे, ती शंकूच्या बुंध्याशी जवळजवळ नाहीशी होते. जो कोणी त्या दिवशी तेथे उभा राहील त्याला यंत्र बरोबर बसले आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. कोणाचा अहवाल मागवावा लागत नाही.

तथापि मला विशेष महत्त्वाची वाटते ती याच्या पुढची पायरी. वेध घेणे ही जात्याच अनंत कृती आहे. आकाश संपत नाही, रात्री संपत नाहीत, आणि पगारपत्रकावर माणसे असली म्हणजे ‘वेधकार्य चालू आहे’ हे विधान शतकभर खरे राहू शकते. या वेधशाळेने १९४२ पासून दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांग प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला, आणि त्या एका छापील पुस्तकाने सर्व कामाला धनी मिळाला. पंचांग वर्षारंभापूर्वी हाती यावे लागते, कारण सरलेल्या वर्षाच्या पंचांगास रद्दीचाही भाव धड येत नाही. आणि त्यातील गुरूचे स्थान चुकले तर ज्याच्याजवळ दुर्बीण व थोडी चिकाटी आहे असा कोणताही परका मनुष्य ती चूक दाखवून देऊ शकतो. मुदत, धनी आणि परक्याला करता येण्याजोगी परीक्षा, ही तीनही लक्षणे त्या पातळशा पुस्तकात एकत्र आली आहेत.

आता पुन्हा नदीकडे वळू, कारण खरी अडचण तेथे आहे. यादीत नाम लिहिले म्हणजे काम भागले असे नसून, कोणते नाम लिहावयाचे यातच आराखडा करणाऱ्याची सारी अक्कल पणाला लागते, आणि क्षिप्रेने हे जितक्या परखडपणे शिकवले आहे तितके व्यवस्थापनाच्या कोणत्याही अध्यापकाने शिकवले नसेल. क्षिप्रा ही पावसाच्या पाण्यावर जगणारी नदी. मेळा भरतो ऐन वैशाखाच्या उन्हात, जेव्हा तिचा प्रवाह जवळपास थांबलेला असतो. आणि इंदूर शहराचे सांडपाणी पोटात घेऊन येणारी कान्ह ऊर्फ खान नदी उज्जैनच्या वरच्या अंगास, त्रिवेणीपाशी, तिला येऊन मिळते. पाणी नाही, आणि जे आहे ते स्नानास अयोग्य, अशी ही दुहेरी पीडा होती. २०१६ च्या मेळ्यापूर्वी तिच्यावर दोन मोठे उपाय योजले गेले. पहिला, नर्मदेचे पाणी सुमारे ४९ किलोमीटर नळांतून आणि सुमारे साडेतीनशे मीटर उंची चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळील उज्जैनी या गावी सोडण्याची नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोडयोजना, जिची पायाभरणी नोव्हेंबर २०१२ मध्ये झाली आणि जी फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे मेळ्याच्या दोन वर्षे आधीच, कार्यान्वित झाली. तिची क्षमता सेकंदाला ५ घनमीटर, म्हणजे अखंड चालविल्यास दिवसाला ४३ कोटी लिटरांहून अधिक. दुसरा उपाय, कान्हेला पिपल्या राघो येथे अडवून सुमारे १९ किलोमीटरच्या भूमिगत नळातून शहराबाहेरून नेऊन कालियादेह महालापाशी, म्हणजे स्नानाचे सारे घाट ओलांडून खालच्या अंगास, पुन्हा क्षिप्रेत सोडण्याचा.

या दुसऱ्या उपायाकडे जरा थांबून पाहावे. येथे सुपूर्द वस्तू कोणती होती? ‘रामघाटापुढून महिनाभर न वाहणारी कान्ह’ अशी ती मानली तर नळ हा त्या वस्तूस पुरेसा होता, आणि मेळ्याच्या आराखड्यात नेमके तेच अभिप्रेत होते. परंतु नळाच्या एका तोंडातून जे पाणी आत शिरते तेच दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. खालच्या अंगाच्या गावांना क्षिप्रा जशीच्या तशीच राहिली. वस्तू मेळ्याच्या दृष्टीने खरी, नदीच्या दृष्टीने वस्तूच नव्हे. मी यात कोणाची लबाडी पाहत नाही. स्नानाचा महिना हाच ज्याचा हिशेब, त्याने त्या महिन्याची वस्तू लिहिली. नदी हा ज्याचा हिशेब असता त्याने मात्र निराळे कलम लिहिले असते, आणि ते लिहिण्याची सामग्री आपल्याकडे आहेही : स्नानयोग्य पाण्यास जैविक प्राणवायूची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडकच आहे. ‘क्षिप्रा शुद्धीकरण करणे’ हे वाक्य पन्नास वर्षे चालू शकते, या दोन आकड्यांचे उत्तर आठवड्याच्या आत प्रयोगशाळेतून येते.

पहिल्या उपायाची गोष्ट अधिक खेदजनक आहे. ५ जानेवारी २०१९ रोजी शनिश्चरी अमावस्या आली. शनिवारी पडणाऱ्या अमावस्येस त्रिवेणीवरील शनिमंदिरापाशी स्नानाची गर्दी होते हे उज्जैनात लहान पोरही सांगेल, आणि ही अमावस्या पंचांगात वर्षभर आधी छापलेली होती. त्या पहाटे घाटावर लोक आले तेव्हा नदीत स्नानापुरतेही पाणी नव्हते. कोणी चिखलातल्या डबक्यात उतरले, कोणी फवाऱ्यांखाली अंग ओले केले. योजना होती, नळ होते, पंप होते, ४३२ कोटींच्या खर्चाचा जमाखर्च पुरा झालेला होता, आणि नर्मदाही होतीच. नव्हते ते फक्त पायरीशी पाणी. राज्य सरकारने विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी या दोघांनाही पदांवरून हलविले. माझ्या मते मात्र दोष नुसता त्या दोघांचा नव्हता. त्याच्या पाच वर्षे आधी ‘जोडयोजना पूर्ण’ म्हणून जी वस्तू रुजू करून घेतली गेली ती नळांची मालिका होती, आणि ‘पर्वाच्या आदल्या सायंकाळी त्रिवेणीच्या पायरीवर इतक्या उंचीचे पाणी’ ही वस्तू कोणाच्या नावावर कधी चढलीच नव्हती, तर ती सुपूर्द कोणी करावी?

परदेशात हा विचार शास्त्राच्या पदवीस पोहोचला तो युद्धसामग्रीच्या कारखान्यांतून. अमेरिकी आरमाराने पाणबुडीतून सोडावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ साली ‘पर्ट’ नावाचे, घटना आणि त्यांना जोडणारी कार्ये यांचे एक प्रचंड जाळे विणले, आणि २० जुलै १९६० रोजी पाण्याखालून पहिले क्षेपणास्त्र सुटले तेव्हा जगभरच्या कारभाऱ्यांनी त्या जाळ्याचा जयजयकार केला. गंमत अशी की, हार्वी सॅपोल्स्की या अभ्यासकाने १९७२ मध्ये त्या प्रकल्पाचा इतिहास लिहिताना असे दाखवून दिले की, प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी त्या जाळ्याचा फारसा आधार घेतलाच नव्हता. भिंतीवर टांगलेल्या त्या भव्य तक्त्यांचा खरा उपयोग वरून डोकावणाऱ्यांना गप्प ठेवण्यासाठी झाला. आपल्याकडील कोणत्याही सचिवालयात ज्याने आढावा बैठकीची पडद्यावरची चित्रमाला पाहिली आहे, त्याला या शोधाचे आश्चर्य वाटू नये. त्याच अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६८ च्या नोव्हेंबरात जे मानक काढले त्याने मात्र गाडी रुळावर आणली : कार्यांचे जाळे विणण्यापूर्वी अंतिम वस्तूपासून आरंभ करून तिचे भाग, भागांचे उपभाग असा वस्तूंचा वंशवृक्ष काढावा, आणि त्या वृक्षात यंत्रसामग्रीबरोबरच सेवा व कागदपत्रे यांनाही स्थान द्यावे, असे त्यात सांगितले होते.

सेवांना स्थान द्यावे, हे त्यातील शब्द फार मोलाचे आहेत, कारण या पद्धतीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप त्यांनी आधीच निकालात काढला आहे. गर्दीवर देखरेख ठेवणे, हरवलेल्या मुलांना आईबापांपर्यंत पोहोचवणे, घाटावर जीवरक्षक उभे करणे या गोष्टी कृतीच नव्हेत काय? त्यांची वस्तू कशी करणार? उत्तर असे की, सेवेचीही एक पाहता येण्याजोगी अवस्था असते. ‘अमुक घाटावर अहोरात्र, अमुक अंतरावर एक, दोरासह उभा असलेला जीवरक्षक’ हे तपासता येते, ‘जीवरक्षकांची व्यवस्था करणे’ हे तपासता येत नाही. सगळेच मात्र असे बांधता येते, असा माझा दावा नाही. साधूंच्या आखाड्यांशी वाटाघाटी करून स्नानाचा क्रम ठरविण्याचे काम ज्यांनी केले आहे ते सांगतील की, तेथे सुपूर्द करावयाचा एकच कागद असतो आणि त्याआधी कित्येक दिवसांचे चहापान असते. ते चहापान कोणत्याही वंशवृक्षात बसत नाही, आणि त्यावाचून तो कागदही होत नाही.

वस्तूचे नाम लिहिले, तरी तिचे विशेषण गाळले तर काय होते, हे उज्जैनात वाऱ्याने दोनदा सांगितले. ५ मे २०१६ रोजी, मेळा ऐन भरात असता, वादळी पावसाने मेळाक्षेत्रातील मंडप कोसळले आणि सात माणसे दगावली. पुढे महाकाल मंदिराच्या परिसरात नऊशे मीटरांहून अधिक लांबीचा ‘महाकाल लोक’ हा मार्ग सिद्ध झाला, ११ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले, आणि २८ मे २०२३ च्या सोसाट्याच्या वाऱ्यात तेथील सप्तर्षींच्या फायबरच्या सात मूर्तींपैकी सहा मोडून पडल्या. माळव्यात मे महिन्यात वळिवाची वादळे येतात, ही काही गुप्त माहिती नव्हे. तरी ‘मंडप’ आणि ‘मूर्ती’ या वस्तू सुपूर्द झाल्या त्या वाऱ्याविना. ज्याला वस्तू रुजू करून घ्यावयाची आहे त्याने ती कोणत्या ऋतूत, कोणत्या ओझ्याखाली आणि किती वर्षे उभी राहावयाची हे करारातच कलमबंद करावे लागते. ते केले नाही तर लोकार्पणाच्या दिवसाचे स्वच्छ आकाश हीच काय ती परीक्षा उरते. महाकालाचे ज्या मंदिरात आपण आज दर्शन घेतो, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. तेव्हापासून त्यावरून वळिवाचे पाऊस किती गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, कारण तो ठेवण्याची वेळ आली नाही.

पुढचा सिंहस्थ आता समोर आहे. २७ मार्च ते २७ मे २०२८ असा त्याचा काळ जाहीर झाला असून, ज्यांना आता अमृतस्नाने म्हणतात ती तीन स्नाने ९ एप्रिल ते ८ मे या दरम्यान व्हावयाची आहेत. या खेपेस कामांचा पसारा मागच्याहून मोठा आहे : कान्हेचे पाणी सुमारे ३० किलोमीटरच्या बंद मार्गाने, त्यातही काही अंतर बोगद्यातून, उज्जैनच्या पार पलीकडे नेण्याची योजना, पावसाळ्यातील क्षिप्रेचे पाणी सेवरखेडी येथून उचलून सिलारखेडीच्या जलाशयात साठवून उन्हाळ्यात परत नदीत सोडण्याची योजना, आणि क्षिप्रेच्या काठाने सुमारे २९ किलोमीटरचे नवे घाट. यांपैकी सिलारखेडीची योजना मला सर्वांत आशादायक वाटते, कारण तिच्यात प्रथमच नळाऐवजी पाणी आणि महिन्याऐवजी वर्ष हा हिशेब धरलेला दिसतो. कान्हेच्या बाबतीत मात्र नळ लांब झाला आहे, प्रश्न तोच आहे. वाचकांपैकी कोणी उज्जैनचे असतील, आणि मराठी घरे तेथे शिंदेशाहीपासून आहेत, तर त्यांनी वृत्तपत्रांतील ‘ऐंशी टक्के काम पूर्ण’ ही ओळ वाचून न थांबता संबंधित कचेरीत एवढेच विचारावे की, ९ एप्रिल २०२८ च्या पहाटे रामघाटावरच्या पाण्याची बाटली भरून तपासण्याचे काम कोणाकडे आहे आणि ते पाणी कसोटीस उतरले नाही तर ते परत धाडण्याचा अधिकार कोणाला आहे. त्या कचेरीने एक नाव आणि एक हुद्दा सांगितला, तर उरलेला आराखडा वाचण्याचे कष्ट जरूर घ्यावेत.